बोगलला हात लावता येत नाही, म्हणजे नक्की काय करता येत नाही

टेबलाच्या मधोमध मॅजिक या कार्डांच्या खेळातलं एकच कार्ड ठेवायचं: स्लिपरी बोगल. किंमत एक मॅना (लँड कार्डांतून मिळणारं, कार्ड टाकायला लागणारं इंधन), 1/1 (पहिला आकडा मारण्याच्या ताकदीचा, दुसरा टफनेसचा, म्हणजे किती डॅमेजने मरतो त्याचा), आणि मजकुरात एकच शब्द, हेक्सप्रूफ, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्यावर नेम धरता येत नाही. समोर दहा कार्डांचा पालथा गठ्ठा. त्यातलं एकेक कार्ड उलटायचं आणि बोगल वाचला की गेला ते ठरवायचं. वाचला असेल तर नेमक्या कुठल्या शब्दामुळे वाचला, तेही मोठ्याने सांगायचं. नवा डेक (खेळायचा कार्डांचा संच) बांधला की पहिल्या मॅचआधी आम्ही ही उजळणी करतो. तासभर जातो, पण मॅचमध्ये होणाऱ्या निम्म्या चुका इथेच उघड्या पडतात.

खेळाचं पूर्ण नाव मॅजिक: द गॅदरिंग. 1993 मध्ये आलेला, रिचर्ड गारफिल्डने रचलेला. त्यातला आमचा प्रकार पॉपर. म्हणजे कॉमन दर्जाने छापलेलीच कार्डं चालतात, डेक किमान 60 कार्डांचा, बेसिक लँड (मॅना देणारी साधी कार्डं) सोडल्यास एका नावाच्या जास्तीत जास्त चार प्रती. संरक्षणाचे नियम शिकायला पॉपर फार चांगला, कारण खेळातली जवळजवळ प्रत्येक ढाल आणि ती भेदणारं प्रत्येक हत्यार इथे कॉमनमध्येच सापडतं.

गठ्ठ्यात आम्ही ही दहा घालतो: लाइटनिंग बोल्ट, स्नफ आउट, जर्नी टु नोव्हेअर, चेनर्स एडिक्ट, क्रिप्ट रॅट्स, फायरी कॅनोनेड, सफोकेटिंग फ्यूम्स, मोमेंट्स पीस, डस्ट टु डस्ट आणि स्टँडर्ड बेअरर. निवड मुद्दाम अशी केलेली आहे. या दहांमध्ये क्रियापदं वेगवेगळी आहेत, आणि सगळं प्रकरण क्रियापदावर चालतं. कार्ड टार्गेट करतं का, म्हणजे नेमकं कुणाला तरी निवडतं का? डॅमेज देतं का? डिस्ट्रॉय (मारून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात टाकणं) म्हणतं, एक्झाइल (खेळाबाहेर काढणं) म्हणतं की सॅक्रिफाइस (मालकाने स्वतःच देऊन टाकणं)? की नुसताच टफनेस कमी करतं? समोरच्या कार्डावरचं क्रियापद आणि आपल्या ढालेवरचं क्रियापद जुळलं तरच ढाल लागते. न जुळलं तर ढाल कितीही जाड असो, ती तिथे नसल्यातच जमा.

पहिली तीन कार्डं सोपी. लाइटनिंग बोल्ट एका लाल मॅनात (मॅनाला रंग असतो, आणि त्यावरून कार्डालाही) टार्गेटला 3 डॅमेज देतं. स्नफ आउट टार्गेट केलेलं काळं नसलेलं क्रिएचर (बोगलसारखं लढणारं कार्ड) डिस्ट्रॉय करतं. जर्नी टु नोव्हेअर टार्गेट क्रिएचर एक्झाइल करतं. तिन्हींत टार्गेट हा शब्द आहे, आणि हेक्सप्रूफचा अर्थ एवढाच की प्रतिस्पर्ध्याचा स्पेल (टाकलेलं कार्ड) किंवा मैदानावरच्या कार्डाची अ‍ॅबिलिटी मला टार्गेट करू शकत नाही. तिन्ही बाद. आपल्या स्वतःच्या स्पेलना मात्र बोगल मोकळा असतो. श्राउड या जुन्या संरक्षणात ही सोय नव्हती. तिथे मालकालाही टार्गेट करता येत नसे. श्राउडला 2007 मध्ये नाव मिळालं, हेक्सप्रूफला 2011 मध्ये, आणि तेव्हापासून श्राउड मागे पडत गेलं. बोगलचा अख्खा डेक याच फरकावर उभा आहे. ऑरा (क्रिएचरवर चढवायचं कार्ड, एन्चांटमेंटचा एक प्रकार) टाकताना तो क्रिएचरला टार्गेट करतो, त्यामुळे श्राउडवाल्या क्रिएचरवर ऑरा चढवताच येत नाही. हेक्सप्रूफवाल्यावर हवे तेवढे चढवा.

ऑरांचा हिशेब उजळणीच्या आधीच करून ठेवावा लागतो, कारण पुढच्या प्रत्येक उत्तरात टफनेस किती आहे हे लागतं. एथिरियल आर्मर एका पांढऱ्या मॅनात मिळतं. आपल्याकडच्या प्रत्येक एन्चांटमेंटमागे +1/+1, वर फर्स्ट स्ट्राइक (लढाईत पहिला वार आपला). रँकर एका हिरव्यात +2/+0 आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला पुरून उरलेलं डॅमेज खेळाडूला). आर्माडिलो क्लोक तीन मॅनात +2/+2, ट्रॅम्पल, आणि डॅमेज होईल तेवढं लाइफ (खेळाडूचे जीवनगुण). नुसतं आर्मर घातलं तर बोगल 2/2. त्यावर रँकर आला की एन्चांटमेंट दोन होतात, आर्मरचे +2/+2, रँकरचे +2/+0, म्हणजे 5/3. क्लोक आला की 8/6. नवख्यांचा हिशेब इथेच चुकतो. रँकर टफनेस देत नाही असं ते धरतात, पण आर्मर असेल तर तो एकाने वाढवतो.

चौथं कार्ड उलटलं की टेबल शांत होतं. चेनर्स एडिक्ट: टार्गेट प्लेअर एक क्रिएचर सॅक्रिफाइस करतो. टार्गेट बोगल नाही, खेळाडू आहे. हेक्सप्रूफला विचारायचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे एकच क्रिएचर असेल तर तोच जातो, अंगावरचे चार ऑरा घेऊन जातो. शिवाय फ्लॅशबॅक आहे. सात मॅना झाले की तेच कार्ड ग्रेव्हयार्डमधून पुन्हा येतं.

यावर उपाय बोगलच्या अंगावर नाही, बाजूला आहे. दुसरं एखादं किरकोळ क्रिएचर हवं, जे एडिक्टच्या तोंडी देता येईल. कार्टूश ऑफ सॉलिडॅरिटी हा ऑरा येतानाच 1/1 वॉरियरचं टोकन (कार्डाशिवाय तयार होणारं क्रिएचर) देतो. खाल्नी गार्डन हा लँड टॅप होऊन (आडवा, म्हणजे वापरून झालेला) येतो आणि 0/1 रोपट्याचं टोकन देतो. पण कार्टूश ऑरा आहे, म्हणजे आपल्या मेन फेजमध्येच (आपल्या पाळीतल्या कार्डं टाकायच्या भागातच) टाकता येतो. समोरून एडिक्ट आल्यावर उत्तर म्हणून टाकता येत नाही. म्हणून समोर काळा डेक दिसला की क्रम बदलायचा. पहिल्या टर्नला बोगल, दुसऱ्या टर्नला आर्मर नाही, कार्टूश. त्या टर्नला डॅमेजही कमी जात नाही, कारण कार्टूशही +1/+1 देतो. आर्मर आधी घालून हल्ला करायचा मोह खूप होतो आणि समोरच्याकडे दोनच मॅना आहेत असं वाटतं. चेनर्स एडिक्टला दोनच लागतात.

सुरुवातीच्या हातात बोगलसारखं क्रिएचर असण्याची शक्यताही इथेच काढून ठेवलेली बरी. चार बोगल आणि चार ग्लेडकव्हर स्काउट अशी आठ कार्डं 60 मध्ये असतील, तर सात कार्डांच्या हातात किमान एक येण्याची शक्यता सुमारे 65 टक्के. सिल्हाना लेजवॉकर चार घातली की बारा होतात आणि शक्यता 81 टक्क्यांवर जाते. लेजवॉकरला दोन मॅना पडतात, तरी आम्ही निदान दोन-तीन घालतोच. हेक्सप्रूफ क्रिएचर नसलेला हात कितीही चांगल्या ऑरांचा असला तरी मलिगन करावा (परत देऊन नवा घ्यावा), असं आमचं ठाम मत आहे.

पाचवं कार्ड क्रिप्ट रॅट्स. इथे जरा थांबतो, कारण उजळणीतला सगळ्यात जास्त शिकवणारा भाग हाच. रॅट्सची अ‍ॅबिलिटी अशी: X (आपण ठरवू तेवढे) काळे मॅना द्या, प्रत्येक क्रिएचरला आणि प्रत्येक खेळाडूला X डॅमेज. टार्गेट कुणीच नाही. हेक्सप्रूफ पुन्हा निकामी. आता बोगलवर आर्मर आणि हायना अम्ब्रा घाला. अम्ब्रा एका पांढऱ्यात +1/+1, फर्स्ट स्ट्राइक आणि अम्ब्रा आर्मर देतो. 2010 मध्ये आला तेव्हा या शब्दाचं नाव टोटेम आर्मर होतं, 2024 पासून अम्ब्रा आर्मर. अर्थ असा की क्रिएचर डिस्ट्रॉय होणार असेल तर त्याऐवजी त्याच्यावरचं सगळं डॅमेज पुसलं जातं आणि तो ऑरा डिस्ट्रॉय होतो.

दोन एन्चांटमेंट आहेत, म्हणजे बोगल 4/4. समोरच्याकडे सहा काळे मॅना. त्याने X सहा केला तर बोगलला 6 डॅमेज होतं. ते जीवघेणं आहे, म्हणून बोगल डिस्ट्रॉय होणार, तेवढ्यात अम्ब्रा स्वतः जातो, डॅमेज पुसलं जातं, आणि बोगल आता फक्त आर्मरसह 2/2 उरतो. वाचला. आता तेच सहा मॅना दोनदा वाटा. आधी X दोन करून अ‍ॅबिलिटी स्टॅकवर (अमलात यायची वाट पाहणाऱ्या गोष्टींच्या चळतीवर) ठेवायची, तिच्यावर लगेच X चार. स्टॅकवर शेवटी ठेवलेलं आधी सुटतं, म्हणजे अमलात येतं. चार सुटले, 4/4 बोगलला 4 डॅमेज, अम्ब्रा गेला, डॅमेज पुसलं, बोगल 2/2. मग खालचे दोन सुटतात, बोगलला 2 डॅमेज, बोगल गेला. पहिल्याच स्फोटात रॅट्स स्वतः मेलेली असते, पण स्टॅकवर ठेवलेली अ‍ॅबिलिटी तिच्याबरोबर मरत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे दोन आधी सुटले आणि चार नंतर, तर 2 डॅमेज 4/4 वर नुसतं साचतं, पुढच्या चारने एकदाच डिस्ट्रॉय होण्याची वेळ येते, आणि अम्ब्रा तेवढ्याला पुरतो. मॅना तेच, डॅमेज तेच, फक्त क्रमामुळे बोगल जगतो किंवा मरतो. रॅट्स खेळणाऱ्याने आणि बोगल खेळणाऱ्यानेही हे हाताने दोनदा करून बघावं. आम्ही डॅमेजसाठी फासे ठेवतो, बोलून लक्षात राहत नाही.

याच रॅट्सला गॉड्स विलिंगने उत्तर देता येतं. एक पांढरा मॅना, आपल्या एका क्रिएचरला निवडलेल्या रंगापासून टर्न संपेपर्यंत प्रोटेक्शन, वर स्क्राय 1 (डेकचं वरचं एक कार्ड बघून तिथेच किंवा तळाला ठेवायचं). प्रोटेक्शन हा खेळाच्या पहिल्या संचापासूनचा शब्द. 1993 चा व्हाइट नाइट काळ्यापासून सुरक्षित होता आणि ब्लॅक नाइट पांढऱ्यापासून. त्याचे चार भाग पाठ हवेत. त्या रंगाचं डॅमेज होत नाही, त्या रंगाचा ऑरा अंगावर राहत नाही, त्या रंगाचं क्रिएचर अडवू शकत नाही, त्या रंगाची गोष्ट टार्गेट करू शकत नाही. चारच. डिस्ट्रॉय पाचवा नाही. चारांपैकी एकालाही न शिवता सगळ्यांना डिस्ट्रॉय करणारा पांढरा स्पेल आला, तर पांढऱ्यापासून प्रोटेक्शन असलेलं क्रिएचर निमूट मरतं.

रॅट्स काळी, तिचं डॅमेज काळं. गॉड्स विलिंगने काळा निवडला की त्या टर्नमध्ये कितीही X आले तरी बोगलला शून्य. रंग स्पेल सुटतानाच निवडायचा असतो, आधी सांगायचा नसतो. टेबलावर लोक स्पेल टाकतानाच रंग बोलून मोकळे होतात आणि समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. बोलू नका. रंग निवडल्यावर लगेच परिणाम होतो, मध्ये समोरच्याला काही टाकता येत नाही.

आता दुसरा भाग, ऑराचा. यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. समजा बोगल आलाच नाही आणि ऑरा हेलियड्स पिलग्रिम या दुसऱ्या क्रिएचरवर चढवलेत. त्याला हेक्सप्रूफ नाही. समोरून पांढरं जर्नी टु नोव्हेअर आलं. हातात गॉड्स विलिंग. सहज सुचतं, पांढरा निवडू. निवडला की जर्नी चुकतं, पण त्याच क्षणी पिलग्रिमवरचे सगळे पांढरे ऑराही गळून ग्रेव्हयार्डमध्ये जातात. आर्मर, अम्ब्रा, कार्टूश तिन्ही पांढरे. क्लोक हिरवा आणि पांढरा दोन्ही आहे, तोही जातो. उरतो फक्त रँकर. क्रिएचर वाचवलं आणि तीन-चार कार्डं घालवली. तिथे स्नेकस्किन व्हेल हवं होतं. एका हिरव्यात +1/+1 काउंटर (क्रिएचरवर राहणारी खूण) आणि टर्नपुरतं हेक्सप्रूफ, ऑरांना धक्का नाही. म्हणून पांढऱ्या ऑरांच्या डेकमध्ये आम्ही प्रोटेक्शन आणि टर्नपुरतं हेक्सप्रूफ या दोन्हींची कार्डं ठेवतो. लाल आणि काळ्यासमोर प्रोटेक्शन, पांढऱ्या आणि हिरव्यासमोर हेक्सप्रूफ.

जर्नीबद्दल आणखी एक. जर्नी टाकताना ते कुणालाच टार्गेट करत नाही. मैदानावर आल्यावर ट्रिगर होतो (त्याची क्षमता आपोआप सुरू होते), तेव्हा करतं. म्हणून स्पेल स्टॅकवर असताना घाईने व्हेल टाकू नका. ट्रिगर येऊ द्या, टार्गेट कोण ते बघा, मग टाका. आणि तो ट्रिगर स्टॅकवर असतानाच जर्नीलाच डिस्ट्रॉय करायची चूक तर करूच नका. जर्नीचे दोन वेगळे ट्रिगर आहेत, येताना एक्झाइल आणि जाताना परत. जर्नी आधीच गेली तर परतीचा ट्रिगर पहिला सुटतो, तेव्हा परत आणायला काहीच नसतं. मग एक्झाइलचा सुटतो आणि क्रिएचर कायमचं जातं.

वेळेचा नियम सगळ्या रिस्पॉन्सना, म्हणजे उत्तर म्हणून टाकलेल्या कार्डांना, सारखा. बोल्ट आलं, तुम्ही व्हेल टाकलं, व्हेल आधी सुटलं, बोल्ट सुटताना पुन्हा टार्गेट तपासतं, टार्गेट आता चालत नाही, बोल्ट काही न करता ग्रेव्हयार्डमध्ये. पण व्हेल सुटण्याआधी समोरचा दुसरं बोल्ट टाकू शकतो, आणि ते व्हेलच्या आधी सुटतं. समोर लाल डेकचे दोन-तीन मॅना मोकळे असतील तर एका व्हेलवर विसंबून क्रिएचरवर सगळं लावू नये.

रँकरलाही अशीच एक फट आहे. रँकर मैदानावरून ग्रेव्हयार्डमध्ये गेला की हातात परत येतो. पण रँकर स्टॅकवर असताना बोगल मेला, तर रँकर मैदानावर आलेलाच नसतो. तो स्टॅकवरून सरळ ग्रेव्हयार्डमध्ये जातो आणि परत येत नाही. सहावं आणि सातवं कार्ड नेमकं या फटीसाठी आहे. फायरी कॅनोनेड इन्स्टंट (समोरच्याच्या पाळीतही टाकता येणारा स्पेल) आहे, पायरेट नसलेल्या प्रत्येक क्रिएचरला 2 डॅमेज. सफोकेटिंग फ्यूम्सही इन्स्टंट, तुमच्या सगळ्या क्रिएचरना टर्नपुरतं -1/-1. उघड्या 1/1 बोगलवर पहिला ऑरा म्हणून रँकर टाकला आणि समोरच्याने तीन मॅना मोकळे ठेवले असतील, तर बोगल आणि रँकर दोन्ही गेले. पहिला ऑरा टफनेस वाढवणारा असावा, आणि तो शक्यतो समोरच्याचे तीन मॅना होण्याआधी पडावा.

फ्यूम्समध्ये अजून एक धडा आहे. टफनेस शून्य होणं म्हणजे डिस्ट्रॉय होणं नव्हे. अम्ब्रा आर्मर लागत नाही, इंडिस्ट्रक्टिबल (डिस्ट्रॉय न होण्याचा गुण) लागत नाही, प्रोटेक्शनही लागत नाही कारण डॅमेजच नाही. अशा, टार्गेट न करणाऱ्या -X/-X वर एकच खरा उपाय, मोठा टफनेस.

आठवं मोमेंट्स पीस. दोन मॅनात त्या टर्नचं सगळं कॉम्बॅट (लढाईतलं) डॅमेज बंद, आणि फ्लॅशबॅकने तीन मॅनात पुन्हा. ही समोरच्याची ढाल आहे आणि आपल्या 8/6 बोगलला दोन टर्न फुकट घालवते. याच जातीतलं प्रिझ्मॅटिक स्ट्रँड्स एका रंगाच्या सगळ्या स्रोतांचं डॅमेज थांबवतं. त्याबाबत टेबलावर नेहमी वाद होतो. बोगलवर चार पांढरे ऑरा दिसतात म्हणून समोरचा पांढरा रंग म्हणतो, आणि मग डॅमेज येतं. ऑरांनी क्रिएचरचा रंग बदलत नाही. स्लिपरी बोगलचा मॅना हिरवा किंवा निळा कुठलाही चालतो, म्हणून बोगल हिरवा आणि निळा दोन्ही आहे. यांपैकी कुठलाही म्हटला तरी डॅमेज थांबतं. पांढरा म्हटला तर नाही. ग्लेडकव्हर स्काउट फक्त हिरवा. डॅमेज अडवणाऱ्या सगळ्यांवर फ्लेअरिंग पेन हा एकच तोडगा पुरतो, या टर्नमध्ये डॅमेज अडवता येत नाही. तो लाल आहे, म्हणून बोगल डेकमध्ये तो घालायचा तर लँड सांभाळून घालावे लागतात.

क्लोकचं लाइफ हे लाइफलिंक नाही, हेही इथेच सांगून टाकतो. लाइफलिंकमध्ये डॅमेजबरोबरच लाइफ मिळतं. क्लोकमध्ये डॅमेज झाल्यावर ट्रिगर होतो, मग मिळतं. तुम्ही 3 लाइफवर आहात, बोगलने एकाला अडवलं आणि दुसऱ्या क्रिएचरने तुम्हाला 3 डॅमेज दिलं, तर ट्रिगर सुटण्याआधीच तुम्ही हरलेले असता. पण बोगलवर आर्मर किंवा अम्ब्रा असेल तर फर्स्ट स्ट्राइकमुळे त्याचं डॅमेज आधी होतं, लाइफ आधी मिळतं, आणि तुम्ही वाचता. म्हणून क्लोक एकटा कधीही चढवू नये असं आम्ही मानतो.

नववं डस्ट टु डस्ट बोगलशी संबंधित नाही, ते इंडिस्ट्रक्टिबल समजायला ठेवलंय. ड्रॉसफोर्ज ब्रिजसारखे आर्टिफॅक्ट (वस्तू या प्रकारातले) लँड इंडिस्ट्रक्टिबल असतात. ते डिस्ट्रॉय होत नाहीत, पण डस्ट टु डस्ट दोन आर्टिफॅक्ट एक्झाइल करतं, आणि एक्झाइलला इंडिस्ट्रक्टिबल काहीच म्हणत नाही. याचीच उलटी, फार सुंदर बाजू म्हणजे क्लेन्झिंग वाइल्डफायर. दोन मॅनात टार्गेट लँड डिस्ट्रॉय करा, त्याच्या मालकाने डेकमधून एक बेसिक लँड टॅप करून आणावा, तुम्ही एक कार्ड घ्या. हे स्वतःच्याच ब्रिजवर टाकतात. ब्रिज जात नाही, पण बेसिक लँड येतो आणि कार्डही मिळतं. ढालेतून इंजिन कसं तयार होतं ते इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी जोडी पॉपरमध्ये आम्हाला माहीत नाही.

दहावं स्टँडर्ड बेअरर. दोन मॅनात 1/1 ध्वजधारी. तो मैदानावर असताना प्रतिस्पर्ध्याने टार्गेट निवडताना, शक्य असेल तर, त्यालाच निवडलं पाहिजे. बाकी सगळ्या ढाला शत्रूचा मार चुकवतात. ही तुमची मदत चुकवते. आर्मर, रँकर, क्लोक, अम्ब्रा सगळ्यांवर नुसतं एन्चांट क्रिएचर (कुठल्याही क्रिएचरवर चढवा) लिहिलंय, म्हणजे ते सगळे समोरच्याच्या ध्वजधाऱ्यावर जाऊन बसतात. कार्टूशवर मात्र एन्चांट क्रिएचर यू कंट्रोल (फक्त आपल्या क्रिएचरवर चढवा) लिहिलंय. त्याला समोरचा ध्वजधारी निवडणं शक्यच नाही, म्हणून कार्टूश बिनधास्त बोगलवर चढतो. गॉड्स विलिंग आणि व्हेललाही तीच सवलत. ध्वजधारी आल्यावर हातातली कार्डं दोन गटांत लावायची, बोगलवर चढणारी आणि न चढणारी, आणि त्याला हटवणारं काही मिळेपर्यंत दुसरा गट हातात धरायचा.

गठ्ठा संपला की बोगल उचलून त्या जागी गार्डियन ऑफ द गिल्डपॅक्ट ठेवतो. चार मॅना, 2/3, एकरंगी गोष्टींपासून प्रोटेक्शन. बोल्ट नाही, स्नफ आउट नाही, जर्नी नाही, रॅट्स नाही, कॅनोनेड नाही. बोगलपेक्षा किती तरी घट्ट. पण रँकर आणि आर्मर एकरंगी, ते त्याच्यावर चढत नाहीत. क्लोक दुरंगी, तो चढतो, आणि 4/5 ट्रॅम्पल तयार होतं. रंगहीन आर्टिफॅक्ट क्रिएचर त्याला अडवतात, दुरंगी स्लिपरी बोगलही अडवतो. आणि एडिक्ट इथेही तितकंच लागतं.

शेवटी टोलेरियन टेरर. 5/5, वॉर्ड 2. वॉर्ड 2021 मध्ये आला आणि त्यामागचा विचार आम्हाला पटतो. हेक्सप्रूफसमोर ज्याच्या हातात नुसती टार्गेट करणारी कार्डं आहेत त्याला करण्यासारखं काही उरत नाही. वॉर्ड दार बंद करत नाही, दाराशी पैसे मागतो. प्रतिस्पर्ध्याने टार्गेट केलं की ट्रिगर होतो, दोन मॅना भरले नाहीत तर त्याचा स्पेल काउंटर, म्हणजे रद्द. यातून तीन गोष्टी निघतात. काउंटर करता येत नाही असं लिहिलेल्या स्पेलला वॉर्ड थांबवत नाही. टार्गेट झाल्यानंतर रिस्पॉन्स म्हणून वॉर्ड देऊन उपयोग नाही, कारण टार्गेट होण्याचा क्षण निघून गेलेला असतो. हेक्सप्रूफ मात्र उशिरा दिलं तरी चालतं. आणि ट्रिगर लक्षात ठेवणं टेररच्या मालकाचं काम आहे, म्हणून कार्डावर एक फासा ठेवून द्यावा.

या फेरीत जागा बदलून मारणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं. समोर टेरर, आपल्याकडे दोनच लँड, त्यातला एक स्वॅम्प, हातात स्नफ आउट. कार्डावरची किंमत चार मॅना आहे, पण स्वॅम्प असेल तर 4 लाइफ देऊन ते टाकता येतं. म्हणजे स्नफ आउट लाइफने, वॉर्डचे दोन दोन्ही लँडमधून, आणि दोनच लँडवर टेरर ग्रेव्हयार्डमध्ये. एक लँड आधीच टॅप करून ठेवला असेल तर लाइफ जाईल, स्पेल जाईल, आणि टेरर तिथेच उभा राहील.